फोन घरात आला, पण कुणाच्या हातात?



आज आपण मोबाइल फोनविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, "त्यात काय बोलायचं? फोन तर आता पोराटोरांच्या हातात आहे." खरे आहे. फोन ही आता नवलाची वस्तू राहिली नाही. गुरे राखणाऱ्याच्या खिशात फोन असतो. बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या विकणाऱ्या मावशींच्या पिशवीत फोन असतो. पण जी वस्तू जिकडेतिकडे दिसते, ती सगळ्यांना मिळाली असे आपल्याला उगीचच वाटू लागते. तसे झालेले नाही. कुणाला मिळाली, कुणाला नाही, आणि मिळाली त्यांतल्या कितीजणांना ती खरोखर उपयोगी पडते, हे आज पाहू.

आधी थोडे मागे जाऊ. तुमच्यातल्या वडीलधाऱ्या मंडळींना तार आठवत असेल. दारात तारवाला आला की घरातल्या बायका आधी रडायला लागत आणि मग तार वाचली जाई. कारण तार यायची ती बहुधा वाईट बातमीचीच. बरे, ती तार बहुधा इंग्रजीत असे. म्हणून मास्तरांना बोलावणे जाई. मास्तर परगावी गेलेले असले तर हातात बातमी असून घर अंधारात. ही तारेची सेवा आपल्या देशात २०१३ सालच्या जुलै महिन्यात बंद झाली.

पुढे बाजाराच्या गावी पिवळ्या पाट्यांची टेलिफोनची दुकाने निघाली. काचेच्या खोक्यात उभे राहून मुंबईच्या मुलाशी बोलायचे, आणि डोळे मात्र समोरच्या मीटरवर. रुपये भराभर वाढत. जे सांगायला गेलो ते राहून जाई आणि "बरा आहेस ना? जेवतोस ना?" एवढ्यावर बोलणे संपे.

मोबाइल फोनचा आपल्या देशातला पहिला कॉल झाला तो ३१ जुलै १९९५ रोजी. बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी एका मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पैसे पडत. आणि गंमत पाहा, ज्याने फोन केला त्याला पैसे पडत, आणि ज्याने उचलला त्यालाही पडत! शेतावर राबणाऱ्या माणसाची दिवसाची मजुरी दोन-चार मिनिटांत संपायची. तेव्हा ही वस्तू कारखानदाराची आणि पुढाऱ्याची होती. आपली नव्हती.

२००३ साली आलेल्या फोनला पैसे पडणे बंद झाले. दरही उतरत गेले. २००१ सालच्या जनगणनेत देशातल्या शंभर घरांपैकी जेमतेम नऊ घरांत टेलिफोन होता. दहा वर्षांनी, २०११ साली, शंभरातल्या ६३ घरांत फोन आला. दहा वर्षांत नवावरून त्रेसष्ट! विजेला, नळाला, पक्क्या रस्त्याला एवढी घाई कधी झाली नाही. मात्र त्याच २०११ साली इंटरनेट शंभरातल्या तीनच घरांत होते. मग २०१६ सालच्या सप्टेंबरमध्ये एक नवी कंपनी बाजारात उतरली. तिने सुरुवातीला फुकट आणि मग अगदी स्वस्तात इंटरनेट दिले. बाकीच्या कंपन्यांनाही दर उतरवावे लागले. तेव्हापासून फोनवर चित्र दिसू लागले, पैसे पाठवता येऊ लागले, कांद्याचा भाव कळू लागला. २०२४ साली देशातल्या टेलिफोन जोडण्यांची संख्या १२० कोटींच्या आसपास होती.

इंटरनेट म्हणजे काय, हे वर्गात पुष्कळजण विचारतात. सोपे करून सांगतो. जगभरची यंत्रे एकमेकांना तारांनी जोडलेली आहेत. या तारा काचेच्या, केसासारख्या बारीक. त्यांतून उजेडाच्या रूपाने निरोप धावतो. काही जमिनीखालून जातात, काही थेट समुद्राच्या तळातून. समुद्रातल्या अशा जाड तारा आपल्याकडे मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. फोन मात्र तारेवाचून चालतो. तो आपला निरोप हवेतून जवळच्या टॉवरला देतो आणि टॉवर तो पुढे तारेत सोडतो. हवेतून निरोप जातो तो थोडेच अंतर. पुढचा मोठा प्रवास तारेचाच!

आता जगाकडे पाहू. जगातल्या देशांची टेलिफोनविषयी एक जुनी संस्था आहे, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ. ती १८६५ साली तारेच्या कामासाठी निघाली. ही संस्था दरवर्षी हिशेब मांडते. २००५ साली जगातल्या शंभर माणसांपैकी साधारण सोळाजण इंटरनेट वापरत होते. २०२५ साली हा आकडा शंभरात पाऊणशेच्या जवळ गेला. म्हणजे सुमारे ६०० कोटी माणसे. वीस वर्षांत एवढी वाढ!

पण राहिलेली माणसे किती? सुमारे २२० कोटी. आपल्या देशात आज जेवढी माणसे आहेत, त्यांच्या दीडपट. ही माणसे कोण? तोच हिशेब पुढे सांगतो. जगातल्या शहरांत शंभरापैकी ८५ जण इंटरनेट वापरतात, खेड्यांत ५८. श्रीमंत देशांत शंभरापैकी ९४, अगदी गरीब देशांत २३. पुरुषांत ७७, बायकांत ७१. आता हे तीन आकडे एकाच माणसावर ठेवून पाहा. गरीब देश, त्यातले खेडे, आणि त्या खेड्यातली बाई. सगळ्यात शेवटी तीच उभी असणार, हे सांगायला आकडेही नकोत.

आपल्या देशाचे पाहू. मार्च २०२४ मध्ये शहरात शंभर माणसांमागे १३० हून अधिक टेलिफोन जोडण्या होत्या. म्हणजे एकेकाकडे दोन-दोन. खेड्यात शंभर माणसांमागे ५९. त्याच सुमारास सरकारने सांगितले की देशातल्या ६ लाख ४४ हजार गावांपैकी ६ लाख १२ हजारांहून अधिक गावांत इंटरनेट चालेल अशी मोबाइलची रेंज पोचली आहे. चांगली गोष्ट आहे. पण वजाबाकी करा. वजाबाकी तुम्ही शिकलात. एकतीस हजार गावे राहिली! ती गावे कुठे आहेत? डोंगरात, जंगलात, सरहद्दीवर.

त्यासाठी फार लांब जायला नको. आपला जिल्हा घ्या. २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणत होतो, आता अहिल्यानगर म्हणतो. चौदा तालुके. महाराष्ट्रात आकाराने सगळ्यांत मोठा जिल्हा. एका टोकाला कोपरगाव, राहाता, श्रीरामपूरची उसाची सपाट जमीन. दुसऱ्या टोकाला जामखेड, कर्जतचे कोरडे माळ. आणि पश्चिमेला अकोले. तिथे कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच, महाराष्ट्रात सर्वांत उंच. हरिश्चंद्रगड तिथेच. भंडारदऱ्याचे धरण तिथेच.

सपाट रानात एक टॉवर उभा केला की चहूकडच्या गावांना रेंज मिळते. टॉवरच्या लहरी बहुतेक सरळ जातात, दिव्याच्या उजेडासारख्या. मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली पडते. रतनवाडी, साम्रद, घाटघरच्या बाजूला डोंगर भिंतीसारखे उभे आहेत. अशा मुलखात एका खोऱ्यात रेंज असते आणि पलीकडच्या खोऱ्यात नसते. एकाच वाडीत वरच्या घराला फोन लागतो, खालच्याला नाही. मग प्रत्येक खोऱ्याला वेगळा टॉवर हवा. टॉवरला वीज हवी. पावसाळ्यात चार-चार दिवस वीज गेली की टॉवरची बॅटरी उतरते, आणि नेमके साप चावल्यावर किंवा बाळंतपणाच्या वेळी फोन मुका होतो.

कंपनी म्हणते, "तिथे माणसे थोडी. उत्पन्न थोडे. टॉवरचा खर्च कसा निघणार?" कंपनीच्या वहीत तिचे म्हणणे बरोबर असेल. पण सगळ्याच गोष्टी त्या वहीने मोजायच्या का? एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली. कुठे? तर पुणे ते अहमदनगर. म्हणजे एसटीचा श्रीगणेशाच आपल्या नगरच्या रस्त्यावर झाला! पुढे एसटी जिथे उत्पन्न होते तिथे गेली आणि जिथे नव्हते तिथेही गेली. मुक्कामाच्या गाडीने डोंगरातली पोरे हायस्कुलाला गेली. तिकिटाच्या पेटीत किती आले एवढेच पाहिले असते, तर ती शाळा त्यांना दिसली नसती.

फोनच्या बाबतीतही अशी सोय आहे. टेलिफोन कंपन्यांच्या ठरलेल्या उत्पन्नातून शंभराला पाच रुपये एका सरकारी निधीसाठी घेतले जातात. पूर्वी त्याला सार्वत्रिक सेवा निधी म्हणत. आता डिजिटल भारत निधी म्हणतात. जिथे कंपनी आपणहून जात नाही, तिथे या पैशातून सोय करायची. २०२२ साली सरकारने २४,६८० गावांत टॉवर पोचवण्यासाठी २६ हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर केले. ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्याचे काम २०११ मध्ये मंजूर झाले. त्याला आता भारतनेट म्हणतात. तेव्हा ज्या वाडीत रेंज नाही, त्या वाडीने "आमच्या नशिबीच नाही" म्हणून गप्प बसू नये. ग्रामसभेत ठराव करावा. कुठल्या वाडीत, किती घरांना, कुठल्या कंपनीची रेंज नाही, हे लिहून काढावे. लिहायला आता तुम्हाला येते. ठराव तहसीलदारांकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा आणि त्याची पोच घ्यावी. पोच घ्यायला विसरू नका.

टॉवरविषयी एवढे पुरे. कारण याहून मोठी दरी आम्हाला दुसरीकडेच दिसते. ती डोंगरात नाही. ती घरात आहे.

सरकारने २०१९ ते २०२१ या काळात घरोघर पाहणी केली. तिला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी म्हणतात. १५ ते ४९ वर्षांच्या बायकांना विचारले, "तुम्ही स्वतः वापरता असा फोन तुमच्याकडे आहे का?" देशात शंभरापैकी ५४ बायकांनी हो म्हटले. महाराष्ट्रातही जवळजवळ तेवढ्याच. "कधी इंटरनेट वापरले का?" असेही विचारले. महाराष्ट्रात शंभरापैकी ३८ बायकांनी हो म्हटले. पुरुषांनी? शंभरापैकी ६१. आता पाहा, टॉवर तर नवऱ्याला आणि बायकोला एकच आहे. घर एकच, रेंज एकच. मग हा फरक कुठून आला?

घरात एक फोन असतो. तो धन्याच्या खिशात असतो. धनी रानात गेले की फोन रानात. संध्याकाळी फोन घरी आला की मुलगा घेतो. मुलगा झोपला की चार्जिंगला लागतो. आईच्या हातात तो कधी येतो? माहेरचा फोन आला तर. मुलीचे वय झाले की "तिला फोन कशाला?" असे म्हणतात. धाकटा भाऊ आठवीत असला तरी त्याला मिळतो, थोरली बहीण कॉलेजात असली तरी तिला नाही. २०२० साली करोनात शाळा बंद पडल्या, अभ्यास फोनवर आला, तेव्हा याचा ताप फार झाला. एक फोन आणि तीन मुले! कोण शिकले असेल, तुम्हीच सांगा. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मात्र एका मुलीने रेंजसाठी डोंगर गाठला. तिच्या भावांनी तिला वर झोपडी बांधून दिली आणि भर पावसाळ्यात ती तिथे बसून शिकली. असे भाऊही असतात.

तुम्ही म्हणाल, "बायकांना फोन नाही मिळाला तर काय बिघडलं? आमच्या आयांना कुठे होता?" नव्हता. पण तेव्हा रेशनचे, बँकेचे, सात-बाऱ्याचे काम फोनवर चालत नव्हते. आता चालते. मोठा फरक आहे तो हाच.

लाडकी बहीण योजना घ्या. २०२४ सालापासून बायकांच्या खात्यावर महिना दीड हजार रुपये जमा होऊ लागले. पैसे बाईचे, खाते बाईचे. जमा झाल्याचा निरोप मात्र कुठे जातो? बँकेत जो नंबर लिहिला असेल तिथे. तो नंबर नवऱ्याचा किंवा दिराचा असला, तर पैसे आले की नाही हे तिला दुसऱ्याला विचारावे लागते. २०२५ साली सरकारने सांगितले की लाभ चालू ठेवायचा तर ई-केवायसी करा. म्हणजे हे पैसे घेणारी बाई तीच आहे ना, याची खातरजमा. त्यासाठी आधारला जोडलेल्या फोनवर एक आकडा येतो. तो दाखवल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. तिचा आकडा हवा, आणि नवऱ्याचा किंवा वडिलांचाही हवा. ज्या बाईला दोघेही नाहीत, तिने काय करायचे? अशा बायकांची केवढी धावपळ झाली!

शेतकऱ्यांचे तसेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. शेतात उभे राहायचे, आपल्या पिकाचा फोटो फोनवर काढायचा आणि सात-बाऱ्यावर नोंद करायची. कल्पना चांगली आहे. आपल्या पिकाची नोंद आपल्याच हाती. पण त्याला चित्राचा फोन लागतो, वाचता यावे लागते, आणि नोंद पुढे जायला रेंज लागते. पाथर्डीच्या किंवा अकोल्याच्या डोंगरातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे बटणांचा साधा फोन असतो. त्याने काय करावे? शेजाऱ्याच्या फोनवरून नोंद करता येते. तशी करावी, आणि ती झाली की नाही हे सात-बाऱ्यावर स्वतः वाचून पाहावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या मंडळींची अडचण आणखी वेगळी. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून दरवर्षी कितीतरी घरे कोयता घेऊन बाहेर पडतात. सहा महिने परमुलखात, उघड्यावर, पाचटाच्या कोपीत. फोन चार्ज करायलाही दुकानदाराची विनवणी. कधी रिचार्जला पैसे नसतात. तो राहून जातो. बरेच दिवस वापर झाला नाही की नंबर बंद होतो, आणि काही काळाने कंपनी तोच नंबर दुसऱ्याला देऊन टाकते. गावी परतल्यावर नवा नंबर घेतात. पण आधारला, बँकेला जुनाच जोडलेला असतो! मग तो खातरजमेचा आकडा जातो कुणा परक्या माणसाच्या फोनवर. म्हणून नंबर बदलला की पहिले काम हे: बँकेत सांगा, आणि आधार केंद्रात जाऊन नवा नंबर लावून घ्या. आणि थोडाफार रिचार्ज मारून जुना नंबरच जिवंत ठेवता आला, तर सगळ्यात बरे.

आता वाचण्याविषयी. त्याच पाहणीत आणखी एक प्रश्न होता. ज्या बायकांकडे स्वतःचा फोन आहे, त्यांपैकी कितीजणींना फोनवर आलेला मेसेज वाचता येतो? शंभरापैकी ७१. म्हणजे शंभरातल्या २९ जणींच्या हातात फोन होता, पण निरोप आला की तो दुसऱ्याकडे न्यावा लागत होता. पूर्वी तार मास्तरांकडे न्यायचो, तसेच! तार जाऊन फोन आला, तरी वाचणारा दुसराच राहिला.

आमच्या वर्गात आम्ही हे पुष्कळदा ऐकतो. आजी नातवाला म्हणते, "बाळा, काय आलंय बघ बरं." नातू खेळात असतो. न बघताच म्हणतो, "काही नाही गं आजी, कंपनीचा मेसेज आहे." आणि खरोखर दहापैकी आठ मेसेज कंपनीचेच असतात. पण उरलेल्या दोनांत एक बँकेचा असतो. खात्यातून पैसे गेले, असे त्यात लिहिलेले असते. नातवाचा त्यात काय दोष? त्याला तो कागद महत्त्वाचा वाटत नाही, कारण पैसे त्याचे नाहीत.

म्हणून बँकेचा मेसेज कसा ओळखायचा ते सांगतो. त्यात दोन शब्द शोधा. इंग्रजीत असले तरी चार दिवसांत डोळ्यांना ओळखीचे होतात. क्रेडिट म्हणजे जमा. डेबिट म्हणजे वजा. पुढे रुपयांचा आकडा असतो. आकडे इंग्रजी वळणाचे असतात. ते आपण वर्गात गिरवले आहेत. जमा झाले असतील तर चिंता नाही. वजा झाले असतील, तर विचारा, आपण काढले होते का?

आणि तो खातरजमेचा आकडा, त्याला ओटीपी म्हणतात. चार किंवा सहा आकडे असतात. एकदाच चालतो, थोडाच वेळ चालतो. तो म्हणजे आपल्या कणगीची किल्ली समजा. कणगीची किल्ली कुणी अनोळखी माणूस मागायला आला, तर द्याल का? फोनवरून गोड आवाजात कुणी म्हणतो, "काका, बँकेतून बोलतोय, तुमचं खातं बंद होणार आहे, आकडा सांगा." बँक असा आकडा कधीही विचारत नाही. सरकारही विचारत नाही. कुणी पोलिसाचा वेश करून फोनवर दिसतो आणि म्हणतो, "तुम्हाला फोनवरच अटक केली आहे, पैसे भरा." फोनवर अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. फोन ठेवून द्या. पैसे गेलेच, तर लाज धरून बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कराल, तितके पैसे अडवणे सोपे. आज गेले आणि चार दिवसांनी सांगितले, तर चोर ते कुठच्या कुठे पोचवतो.

फोनवर आलेले सगळे खरे नसते, हेही कळायला हवे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी पाच माणसे जमावाने ठार मारली. ती भिक्षा मागून पोट भरणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे होती. सोलापूर जिल्ह्यातून आली होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी आवई त्या दिवसांत फोनवरून पसरली होती. कुणी पाठवले, कुठून आले, कुणी तपासले नाही. पाच घरे उघडी पडली. फोन हातात आला, रेंज आली, पण "हे कशावरून?" असे विचारायची सवय आली नाही. असा फोन नसलेला परवडला, असे रागाच्या भरात वाटते. पण फोन तर राहणार. सवयच लावून घ्यावी लागेल.

ती सवय एकट्याने लागणे कठीण. यावर एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि ती आपल्याच जिल्ह्याची आहे. १९५६ साली आपला भाग मुंबई राज्यात होता. खेड्यांत रेडिओ नुकता येत होता. तेव्हा आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्को या जागतिक संस्थेच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे घेतले. त्यांतली १५० गावे निवडली. गावोगाव रेडिओ ऐकणाऱ्यांची मंडळे केली. एका मंडळात पंधरा-वीसजण. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सगळ्यांनी जमायचे, शेतीविषयी, आरोग्याविषयी अर्धा तास ऐकायचे, आणि मग रेडिओ बंद करून आपसांत बोलायचे. पटले ते करून पाहायचे. पटले नाही किंवा कळले नाही, तर प्रश्न पुण्याला लिहून पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्याचे उत्तर येई. असे वीस कार्यक्रम झाले.

नंतर पॉल न्यूरॅथ नावाच्या अभ्यासकाने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पाहणी केली. मंडळाची गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओ नसलेली गावे, अशी तुलना केली. तेव्हा दिसले की मंडळांच्या गावांत लोकांची माहिती पुष्कळ वाढली. नुसता रेडिओ होता तिथे जवळजवळ काहीच वाढली नाही. रेडिओ तोच, पुण्याचा आवाज तोच! फरक एवढाच की एका गावात माणसे एकत्र बसून बोलली आणि दुसऱ्या गावात रेडिओ नुसता वाजत राहिला. आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती, तीही माणसे मंडळात बसून शिकली.

आजचा फोन त्या रेडिओपेक्षा कितीतरी शहाणा आहे. पण तो जो तो एकट्याने, मान खाली घालून पाहतो. म्हणून आम्ही असे सुचवतो. वर्ग संपल्यावर आठवड्यातून एक संध्याकाळ, अर्धा तास, फोनसाठी ठेवू. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांनी आणावा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी तसेच यावे, शेजारी बसावे. आधी मेसेज वाचू. मग एकेक काम शिकू. सात-बारा कसा पाहायचा. राहुरीच्या, घोडेगावच्या बाजारातला कांद्याचा भाव कसा पाहायचा. पिकावर रोग पडला तर किसान कॉल सेंटरला १८०० १८० १५५१ वर मराठीत कसे विचारायचे. त्याला पैसे पडत नाहीत. दवाखान्याच्या गाडीला १०८ आणि अडीअडचणीला ११२ कसा लावायचा. हे दोन नंबर बटणांच्या साध्या फोनवरूनही लागतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

घरातल्या पुरुष मंडळींना एक विनंती. त्या संध्याकाळी फोन घरी ठेवून जा. तुमचा अर्धा तास फोनवाचून जाईल. पारावर तुमच्याशी बोलायला माणसे असतीलच.

आणि घरातल्या ताई-वहिनींसाठी. बँकेच्या खात्याला कुणाचा नंबर जोडला आहे, ते या आठवड्यात विचारून घ्या. पासबुक घेऊन बँकेत जा. "हा नंबर माझा नाही, माझा लावून द्या" असे सांगा आणि अर्ज स्वतःच्या हाताने भरा. सही तर आता येते. हात थोडा कापेल, अक्षर वाकडे येईल. येऊ द्या.

पहिली बैठक येत्या शुक्रवारी संध्याकाळी, वर्गानंतर. येताना फोन चार्ज करून आणा. शेवटचे पाच मेसेज पुसू नका. तेच वाचायला घेऊ.